घरासाठी हातहत्यारांचा चांगला संच कसा जमवावा? १०८ नगांची तयार पेटी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की पनवेलला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, घरात एक टेस्टर आणि एक जुनी पक्कड एवढंच आहे, एक स्कूटर आणि मुलाची सायकल आहे, चार हजार रुपये बाजूला काढलेत आणि ऑनलाइन दिसणारी १०८ नगांची पेटी मागवावी का असा प्रश्न पडलाय. माझं उत्तर स्पष्ट आहे: मागवू नका. मी आयटीआयचा फिटर. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला उमेदीची वर्षं गेली, हत्यारांवरच घर चाललं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या पेटीतल्या नगांची यादी नीट वाचा. निम्म्याहून जास्त नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची छोटी बिट्स, बारके सॉकेट, ऍलन की आणि खिळ्या-स्क्रूंच्या पुड्या. आकडा मोठा दिसावा म्हणून हे सगळं मोजलेलं असतं. रोज हातात येणारी पाच-सहा हत्यारं, म्हणजे पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, पाने, टेप, ती मात्र त्यात सगळ्यात हलकी असतात, कारण पेटीची किंमत खाली ठेवायची असते. त्याच पैशात दहा-बारा सुटी, चांगली हत्यारं येतात आणि ती मुलापर्यंत टिकतात.

हत्यार घेताना मी एकच गोष्ट बघतो: ते कामाला जिथे टेकतं ती जागा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक, पान्याचा जबडा, पक्कडीची धार, पटाशीचं (लाकूड तासायच्या छिन्नीचं) पातं. मूठ रबरी आहे की लाकडी, रंग कोणता, पेटी कशी, हे सगळं नंतर. टोक मऊ असेल तर ते स्वतः झिजतंच, वर स्क्रूचं डोकंही खाऊन टाकतं, आणि डोकं गेलेला स्क्रू काढणं ही दहापट मेहनत असते. फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरला मापं असतात: पीएच ०, १, २, ३. घरातले बहुतेक स्क्रू २ नंबरचे. रिमोट, खेळणी यांना ० किंवा १ लागतो. १ नंबरने २ नंबरचा स्क्रू फिरवला तर फिरतो, पण घसरत फिरतो, आणि पुढच्या वेळी तो कुणालाच निघत नाही. दुकानात जाताना घरचा एक स्क्रू खिशात टाका. टोक त्यात बसवा आणि ड्रायव्हर आडवा धरा. स्क्रू न पडता टोकावर लटकून राहिला तर माप बरोबर. टोकाला चुंबक असेल तर ही परीक्षा चालत नाही, मग हाताने हलवून खेळ आहे का ते बघा. चपटे दोन, फुलीचे दोन, एवढ्यावर घर चालतं. फिरवताना आधी जोर दाबायला, मग वळवायला.

पान्यांबद्दल जास्त लिहितो, कारण गोंधळ इथेच जास्त असतो. उघड्या तोंडाचा पाना नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळ्या बाजूंनी कवेत घेतो. म्हणून घट्ट बसलेला नट आधी रिंगने सोडवायचा आणि सैल झाल्यावर उघड्या तोंडाने भराभर काढायचा. कॉम्बिनेशन पान्याला एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असतं, माप दोन्हीकडे एकच. तुमच्यासाठी हेच बरे. सुटे घ्या: ८, १०, १२, १३, १४, १५ आणि १७. ६ मिमी बोल्टचं डोकं १० चं असतं. ८ मिमी बोल्टचं एरवी १३ चं, पण जपानी वळणाच्या दुचाकींवर तेच १२ चं येतं, म्हणून दोन्ही हवेत. १५ चा सायकलच्या पेडलसाठी. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उघडं तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसून थोडं तिरकं असतं, साधारण १५ अंश. ते मुद्दाम तसं केलेलं आहे. अडचणीच्या जागी पाना थोडा फिरवायचा, काढून उलटा करायचा, पुन्हा लावायचा. ३० अंश फिरायला जागा मिळाली तरी नट निघतो. आणि शक्यतो पाना स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. ढकलताना सुटला तर बोटांची सालं निघतात.

आता एक काम जवळून बघू, म्हणजे कोणतं हत्यार का लागतं ते कळेल. पनवेलचा पाऊस आहे, तुमचं एखादं तरी दार जुलैत घासणार. लोक लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. घाई नको. आधी वरची बिजागरी बघा. बहुतेक वेळा तिचे स्क्रू सैल झालेले असतात, दार पुढच्या अंगाला खाली लोंबतं आणि खालच्या कोपऱ्यात घासतं. स्क्रू नुसते आवळले तर गोल गोल फिरतात, कारण भोक मोठं झालेलं असतं. स्क्रू काढा, काडेपेटीच्या गुल उडवलेल्या दोन-तीन काड्यांना फेविकॉल लावून भोकात ठोका, वर आलेला भाग कापा, रात्रभर वाळू द्या आणि तोच स्क्रू परत पिळा. अर्ध्याहून जास्त दारं इथेच सुधारतात. तरीही घासत असेल तर चौकटीच्या कडेला खडू चोळा, दार दोन-तीनदा लावा-उघडा. जिथे दाराला खडू लागेल तीच जागा. तिथेच पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. भर पावसात रंध्याने सरसकट लाकूड काढलं, तर दिवाळीपर्यंत दार आटतं आणि फट राहते ती कायमची. या सगळ्या कामाला स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, पटाशी किंवा कटर आणि कागद एवढंच लागलं.

पक्कड आठ इंची घ्या, सोबत सहा इंची नोज प्लायर. दुकानात पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापायच्या धारेतून उजेडाची रेघ दिसली तर ती तार कापणार नाही, चेपेल. मग दांड्या उघड-मीट करून रिव्हेटपाशी बाजूला हलते का बघा. पक्कडीने नट सोडवायचा नाही, ते पान्याचं काम. कोपरे गोल झाले की मग पानाही धरत नाही.

दांड्यांवर प्लास्टिक आहे म्हणून पक्कड विजेच्या कामाला सुरक्षित, हा समज फार धोक्याचा आहे. ते वेष्टण बऱ्याचदा नुसतं पकडीसाठी असतं. विजेच्या कामाच्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाचं चिन्ह आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ते असलं तरी आधी एमसीबी पाडा, मगच बोर्ड उघडा. टेस्टरच्या पोटात एक निऑनचा दिवा आणि एक मोठा रेझिस्टर असतो. तुमच्या अंगातून वीज जाते तेव्हाच तो पेटतो, रेझिस्टरमुळे ती अगदी नगण्य असते इतकंच. म्हणून टेस्टरवर हातोडी मारायची नाही, ओला झाला की फेकून द्यायचा. आणि तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असं धरून चालू नका. आधी चालू सॉकेटवर पेटतो का बघा, मग कामाच्या जागी तपासा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. त्याने स्क्रू पिळायची सवय आजपासून बंद करा.

मापासाठी पाच मीटरचा टेप पुरतो. त्याच्या टोकाचा आकडा (हुक) जरा हलतो म्हणून लोक दुकानदाराला परत करतात. तो हलायलाच हवा. आकड्याच्या पत्र्याची जाडी असते तेवढाच तो सरकतो, म्हणून बाहेरून अडकवून ओढला काय किंवा आत टेकवून दाबला काय, माप बरोबरच येतं. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, घेणार असाल तर सरळ कडेच्या फळीला लावून एक रेघ मारा, मग पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. स्पिरिट लेव्हलही अशीच उलटसुलट ठेवून तपासतात. आयटीआयमध्ये जॉब गुण्याला लावून उजेडासमोर धरायचा आणि फट मिटेपर्यंत कानस (धातू घासायचं हत्यार) चालवायची, हे आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. नजर तिथे तयार झाली, ती अजून कामी येते.

नळासाठी दहा इंची स्क्रू पाना पुरे, म्हणजे तो जबडा कमी-जास्त होणारा. फिरवताना जोर स्थिर जबड्यावर येईल असा लावा. पाईप पान्याचे दात चकचकीत नळावर कायमचे उमटतात, त्यामुळे तो घरी नकोच. काम करण्याआधी बाथरूमचा मुख्य कॉक बंद करा. भिंतीतल्या पाईपवरचा नळ सोडवताना, धरायला जागा असेल तर दुसऱ्या पान्याने मागचा भाग धरून ठेवा, नाहीतर आतला निपल, म्हणजे जोडाचा आखूड पाईप, पिळून तुटतो आणि टाइल फोडायची वेळ येते. टेफ्लॉन टेप नळ ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने गुंडाळायचा, उलटा गुंडाळला की पिळताना सुटून येतो.

हातोडी ३०० ते ५०० ग्रॅमची, लाकडी दांड्याची. डोकं हलायला लागलं की काही लोक ती पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, पण वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं, कारण आतले तंतू चेपलेले असतात. त्यापेक्षा दांड्याच्या माथ्यात नवी पाचर मारा. हॅकसॉला १२ इंची ब्लेड लागतं, इंचाला २४ दाते असलेलं घरी सगळ्याला चालतं. दाते पुढच्या दिशेला हवेत, उलटं लावलेलं ब्लेड मी कितीतरी घरांत पाहिलंय. हॅकसॉ असो की कानस, जाताना दाब, येताना नाही. कानस एकच घेणार असाल तर अर्धगोल घ्या, एक बाजू सपाट कामाला आणि दुसरी भोकं-वळणांना.

खरेदीचं बोलायचं तर आमच्या सातपूरला टपारियाचा कारखाना आहे. १९६९ पासून, स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने सुरू झालेलं हे काम. त्यांच्या पक्कडी आणि पाने मी वापरलेत, भरवशाचे आहेत. जालंधर-लुधियानाकडचा मालही चांगला असतो, फक्त पान्यावर क्रोम व्हॅनेडियम असं ठसलेलं आहे का बघा, नुसता ओतीव लोखंडाचा पाना जोर लावल्यावर तडकतो. पनवेलहून हार्बर लाइनने मस्जिदला उतरलात की हत्यारांच्या बाजाराची नागदेवी स्ट्रीट चालत जवळ आहे. रविवार सोडून जा, हातात घेऊन बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात हातोडीची डोकी, पटाश्या, छोटा बाकशेगडा (बेंच व्हाइस) असं जुनं लोखंड मिळतं. पटाशीच्या धारेजवळ जुनी कानस हलकेच ओढून बघा; सरकून गेली तर पाणी (पोलादाचा कडकपणा) चांगलं आहे, लोण्यासारखी खाल्ली तर सोडून द्या. जुनी कानस आणि जुना टेप मात्र कधीच घेऊ नका.

चार हजार एकदम खर्चू नका. आधी चार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर, टेप, हातोडी, नवा टेस्टर आणि स्क्रू पाना आणा. एवढं निम्म्या पैशात सहज बसावं. पाने पुढच्या महिन्यात, स्कूटरचं किंवा सायकलचं काम निघेल तेव्हा. हॅकसॉ, कानस, पटाशी ज्या दिवशी लागेल त्या दिवशी. भिंतीला भोकं पाडायला ड्रिल भाड्याने आणा. नव्या घरात पडदे-फ्रेम लावून झाले की ते वर्षभर कपाटातच राहतं.

ठेवायला लोखंडी पेटीपेक्षा जाड कापडाची कप्पेवाली पिशवी बरी, आवाजही नाही आणि धारा एकमेकींवर आपटत नाहीत. जूनच्या आधी सगळ्यांवरून मशीन ऑइलचं फडकं फिरवा. टेपच्या पट्टीला तेल लावू नका, धूळ धरते. ती कोरड्या फडक्याने पुसा. हातोडीच्या तोंडालाही तेल नको, खिळ्यावरून घसरते.

स्कूटर कोणती आहे ते लिहा. तिच्या स्पार्क प्लगचं माप वेगळं असतं आणि तो पाना वरच्या यादीत नाही. नाव कळलं की नेमका कोणता घ्यायचा ते सांगतो.