सोलापुरात घरी नवीन फिशटँक घेतलाय, मासे लगेच सोडले तर चालतील का?

नाही, घाई नको. फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वाढतात. पाणी नितळ दिसतं म्हणून फसू नका. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून जिवाणू बनवतात तो नायट्राइट, ही माशांना विषारी असलेली दोन्ही शून्य आली की मगच दोन-तीन गप्पी मासे सोडा. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) हवंच. आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा पाणी बदलायला एक पिंप वेगळं भरून ठेवा. बाऊलमध्ये गोल्डफिश नकोच, दुकानदार काहीही म्हणो. एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. तेव्हा हीटर बंद, एअरपंप चोवीस तास चालू.