दोन दिवसांचा कलामेळा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव पाहून आलेल्या अनेकांना आपल्या गावी, आपल्या वाचनालयात किंवा सोसायटीच्या पटांगणात शनिवार-रविवार असंच काही करावंसं वाटतं. या वेळचे बहुतेक प्रश्न अशाच आयोजकांचे आहेत, पहिला मात्र पाहायला जाणाऱ्यांचा.

आम्हाला फक्त रविवारीच काळा घोड्याला जाता येतं. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई असतील. गर्दीत निभाव कसा लागावा? (डोंबिवली)

सकाळ गाठा. १९९९ पासून चालत आलेला हा महोत्सव नऊ दिवसांचा असतो आणि रविवारी संध्याकाळी पाचनंतर रॅम्पार्ट रोवर पाऊल पुढे टाकणं अवघड होतं. उघड्यावरच्या मोठ्या कलाकृती आधी पाहून घ्या. जहांगीर कलादालन अकरा वाजता उघडलं की आत जा, तिथे सावलीही मिळते. दुपारच्या उन्हात सासूबाईंना शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बसता येईल. संध्याकाळी एकच कार्यक्रम ठरवा आणि सुरू होण्याच्या पाऊण तास आधी जागा धरा. मुलांच्या कार्यशाळांची नोंदणी आधी होते आणि जागा भराभर भरतात. वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी नाव घाला. तिथे गेल्यावर बघू म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा दारातून परत यावं लागतं.

गाडी नेऊ नका. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पंधरा-वीस मिनिटं चालत, किंवा भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक. तिथल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यावर माणूस का नाही, हे मुलगा नक्की विचारेल. जुना पुतळा सातव्या एडवर्डचा होता, १८७९ मध्ये बसवलेला. १९६५ मध्ये तो हलवला, आता राणीच्या बागेत आहे. परिसराचं नाव मात्र टिकलं आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना काळा घोडा उभा राहिला. पुढच्या एखाद्या रविवारी राणीच्या बागेत जाऊन मूळचा घोडाही दाखवा, मुलांना ही जोडी आवडते.

वाचनालयाचं सभागृह लहान आहे, म्हणून अर्धं चित्रप्रदर्शन बाहेर मांडवात लावायचं आहे. गेल्या वर्षी चित्रं वाकडी झाली, दोन पडली. (नाशिक)

मांडवाच्या कापडाला चित्र टांगायचं नाही. कापड वाऱ्याने हलतं, त्याबरोबर चित्र हलतं, खिळा सैल होतो. १२ मिमी जाडीचे आठ बाय चार फुटांचे प्लाय उभे करा. दोन प्लाय वरच्या कडेला बिजागरीने जोडून शिडीसारखे उघडले की दोन्ही बाजूंना चित्रं लागतात. एका प्लायचं वजन वीस किलोच्या आसपास भरतं, पण संध्याकाळच्या वाऱ्याला ते पुरत नाही. प्रत्येक पायाशी दहा-पंधरा किलोची वाळूची गोणी ठेवा आणि तळाशी दोन्ही पाय दोरीने एकमेकांना बांधा, नाहीतर ते फाकत जातात.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर यावा. लहान-मोठी सगळी चित्रं या एका मध्यरेषेवर लावली की भिंत आपोआप शांत दिसते. खिळ्याची उंची काढायची रीत अशी: ५७ मध्ये चौकटीच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, मग मागची तार ताणल्यावर ती चौकटीच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. चौकट २४ इंच उंच, तार ३ इंच खाली असेल तर ५७ अधिक १२ उणे ३, म्हणजे ६६ इंचांवर खिळा. तार ताणूनच मोजा. ढिली तार मोजली की चित्र इंच-दीड इंच खाली उतरतं, आणि ओळ बिघडण्याचं कारण बहुधा हेच असतं.

चित्र वाकडं होतं ते एकाच खिळ्यावर टांगल्यामुळे. चौकटीच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांश अंतर ठेवून दोन खिळे मारा. आणि दुहेरी चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती रंगाच्या पापुद्र्याला चिकटते आणि पापुद्र्यासकट सुटते.

जलरंग आणि कागदावरची कामं मांडवात नकोत, ती आत लावा. कागदावरच्या कामाला ५० लक्सपेक्षा जास्त उजेड देऊ नये, तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. उघड्यावरचं ऊन याच्या शेकडो पट असतं. आतले दिवे वरून, उभ्या रेषेशी ३० अंशांच्या कोनात सोडा. त्याहून आडवे सोडले की काचेवर चमक येते, जास्त उभे सोडले की चौकटीची सावली चित्रावर पडते.

नावाच्या पट्ट्या १८ पॉइंटपेक्षा बारीक छापू नका. प्लायच्या दोन रांगांमधली वाट किमान तीन फूट ठेवा, चाकाची खुर्ची गेली पाहिजे.

मुलांसाठी उन्हात निळे छाप काढण्याची, म्हणजे सायनोटाइपची कार्यशाळा घ्यायची आहे. दिवसाला शंभर मुलं होतील. प्रमाण सांगाल का? आमच्या चाचणीत छाप फिकट आले. (कोल्हापूर)

ही रीत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी याच रीतीने शेवाळांचे छाप काढायला सुरुवात केली. पान, फूल, पीस कागदावर ठेवून उन्हात धरायचं, की त्याचा आकार पांढरा आणि भोवताल गर्द निळा उमटतो. मुलांच्या कार्यशाळेसाठी आम्हाला याहून चांगलं काही माहीत नाही: चित्र येतं की नाही ही भीती नसते आणि तासाभरात हातात पूर्ण झालेली गोष्ट असते.

पहिलं द्रावण: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट. दुसरं: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा आणि लावायच्या वेळीच समप्रमाणात मिसळा. अर्ध्या ए-फोर कागदाला मिश्रण साधारण १ मिली लागतं. शंभर मुलांसाठी सांडलवंड धरून ६० मिली अधिक ६० मिली. दोन दिवसांसाठी १२० मिली पाण्यात ३० ग्रॅम आणि १२० मिली पाण्यात १२ ग्रॅम एवढं करून ठेवलं की पुरतं.

कागदाला द्रावण लावण्याचं काम मुलांना देऊ नका. आदल्या रात्री मोठ्यांनी हातमोजे घालून, खिडक्या बंद करून, मंद पिवळ्या दिव्यात ते उरकावं. स्पंजच्या ब्रशने आधी आडवा, मग उभा हात फिरवा. ब्रशला लोखंडी पट्टी नको, निळे डाग पडतात. पंख्याखाली पूर्ण सुकू द्या आणि काळ्या पिशवीत भरा. शनिवारचे कागद शुक्रवारी रात्री, रविवारचे शनिवारी रात्री. एकदम दोनशे करून ठेवले तर दमट हवेत उरलेले स्वतःहूनच निळसर होऊ लागतात. कागद पिवळट-हिरवा असेल तर चांगला, निळसर-हिरवा झाला असेल तर बाद.

छाप फिकट येण्याची तीन कारणं असतात. एक, कागद. ‘ॲसिड-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कागदांत खडू घातलेला असतो, आणि अल्कली या निळ्याची वैरी. दोन-तीन प्रकारच्या जाड कागदांची एकेक पट्टी करून पाहा, मगच रीम घ्या. दोन, पाणी. बोअरचं जड पाणी हळूहळू निळा रंग खातं. पहिल्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घाला आणि साबणाचा हात लागू देऊ नका. तीन, आणि बहुतेक वेळा हेच, ऊन कमी पडलेलं असतं. कागद निळा दिसला की मुलं उचलतात. तो निळ्यावरून पुढे जाऊन राखाडी, तपकिरीकडे झुकला पाहिजे. त्या दिवशी सकाळी अकराला एका पट्टीवर ४, ६, ८ आणि १० मिनिटांची चाचणी घ्या आणि तीच वेळ फळ्यावर लिहा. ढग आला तर वेळ दुप्पट-तिप्पट होते.

पान कागदाला घट्ट टेकलं नाही तर कडा धुरकट येतात, म्हणून वर काच लागते. कडा घासून घेतलेल्या काचा, मागे पुठ्ठा, बाजूला चिमटे. तुमची गाडी अडेल ती काचांवर. पंचवीस मुलांच्या तुकडीला बारा-तेरा काचा असतील तर दोन फेऱ्या होतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं तिथेच गेली. सांगणं दहा, पानं निवडणं दहा, धुणं दहा, असा तास भरतो. अकरा ते तीन या वेळात चार तुकड्या घ्या. चारनंतरची तुकडी ठेवूच नका, ऊन उतरलेलं असतं आणि शेवटच्या मुलांचे छाप फिकट निघतात.

धुण्याला तीन बादल्या ठेवा. पाण्यातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं, कागद हलवत राहा. पिवळं राहिलं की पांढरा भाग पुढे निळा होतो. शेवटच्या बादलीत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की निळा डोळ्यांदेखत गडद होतो. हा क्षण मुलांना जरूर दाखवा, पण बाटली मोठ्यांच्या हातात असू द्या. फेरीसायनाइडच्या जवळ तीव्र आम्ल किंवा उष्णता येऊ देऊ नका.

शाडूच्या कार्यशाळेत केलेल्या वस्तू घरी नेताना मोडतात. (ठाणे)

ओल्या शाडूला दीड-दोन तासांत घट्टपणा येत नाही, तेव्हा आकारच तसा द्या. हात-पाय बाहेर काढलेली मूर्ती टाळा. बसलेला प्राणी, पणती, उठावाची फरशी चालते. माणशी एक किलो मळलेली माती पुरे. जाडी दोन सें.मी.पेक्षा जास्त झाली की बाहेरची कातडी आधी सुकते, आत ओल राहते आणि तडा जातो. जोड देताना दोन्ही बाजू खरवडून मध्ये पातळ माती लावा. मुलं बोटं सारखी पाण्यात बुडवतात, म्हणून वाटीऐवजी ओला स्पंज द्या. वस्तू पुठ्ठ्यावरच करायला लावा, पुठ्ठ्यासकट घरी जाऊ द्या, आणि सावलीत चार-पाच दिवस वाळवायची चिठ्ठी बरोबर द्या.

प्रेक्षकांना सामील करून घेणारं नाटक केलं. ‘तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारलं तर शंभर माणसं गप्प. (पुणे)

प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला. ब्राझीलचे आउगुस्तो बोआल यांनी घडवलेल्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकाकडे मत मागत नाहीत, कृती मागतात. दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग आधी पूर्ण दाखवायचा. त्यात एका माणसाची कोंडी होते आणि तो हरतो. मग तोच प्रसंग पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचा. पाहणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणावं, त्या माणसाच्या जागी उभं राहावं आणि वेगळं काही करून बघावं. बाकीचे नट आपापल्या पात्राला धरून उत्तर देतात.

माणसं गप्प राहतात त्याचं कारण संहितेत असतं. हरणाऱ्या पात्राला वाटेत तीन-चार ठिकाणी वेगळं वागण्याची संधी दिसायला हवी. भाडेकरूला घर नाकारलं जातं असा प्रसंग असेल, तर दलालाशी बोलताना, मालकाच्या दारात, शेजारीण ऐकत असताना, असे थांबे हवेत. पहिल्यापासूनच सगळं बंद असेल तर प्रेक्षक फक्त हळहळतो. दुसरी चूक म्हणजे शेवटी भाषण. उत्तर नाटकानेच दिलं की कोणी कशाला उठेल?

सूत्रधारावर सगळं उभं असतं. त्याने आधी सगळ्यांना उभं करून दोन मिनिटांचा साधा खेळ घ्यावा: टाळी, चालणं, थांबणं. नियम तीनच सांगावेत: पीडित माणसाच्या जागीच यायचं, अंगाला हात लावायचा नाही, जादूने सुटका नको. शेजारच्या दोघांशी एक मिनिट बोला, असं सांगितलं की गप्प जमाव बोलू लागतो. पहिला हात वर यायला तीस-चाळीस सेकंद लागतात. तेवढी शांतता सूत्रधाराला सोसता आली पाहिजे, आपलाच माणूस गर्दीतून उठवू नये. आलेल्याचं ‘बरोबर-चूक’ करू नये, ‘यानं काय बदललं?’ एवढंच सर्वांना विचारावं.

मंच नको. जमिनीवर अर्धवर्तुळ, माइकशिवाय साठ-सत्तर माणसं. मंचाची तीन फूट उंची चढताना माणसाचा विचार बदलतो. आपल्याकडच्या बतावणीत आणि भारुडात समोरच्याला बोलतं करण्याची हातोटी आहेच, तुमच्या सूत्रधाराने ती जवळून पाहावी.

ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते का? सोसायटीचं आवार खासगी आहे. (कल्याण)

लागते, पोलिस ठाण्यातून लेखी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, म्हणून जागा नक्की करण्याआधीच हे तपासा. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, दोन महिने आधी हालचाल करा.

वारली चित्रांची कार्यशाळा आमच्याच चित्रकला शिक्षकांनी घेतली तर चालेल? खर्च वाचेल. (वसई)

तुमच्यापासून डहाणू-तलासरी दूर नाही. तिथल्या वारली चित्रकाराला बोलवा आणि मानधन, प्रवास, जेवण आधी लेखी ठरवा. लग्नचौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सवाशिणी का काढतात, त्यात पालघट देवी कुठे बसते, हे ज्या घरात चौक लिहिला जातो तिथल्या माणसाकडून ऐकणं वेगळं. शिक्षक मदतीला असू द्या. गेरूचे कागद आदल्या दिवशी करून ठेवा: १०० ग्रॅम गेरू, साधारण २०० मिली पाणी, दोन मोठे चमचे फेव्हिकॉल. डिंक कमी पडला की गेरू हाताला लागतो आणि पांढऱ्या रेषा मळतात.

रविवारी रात्री आवरताना चित्रांचं नुकसान होतं. (सांगली)

कारण त्या वेळी सगळेच दमलेले असतात आणि मांडववाला घाई करतो. त्याच्याशी सोमवारी सकाळपर्यंतचा करार करा, भाडं थोडं वाढलं तरी. रात्री फक्त चित्रं उतरवून आत न्या. ॲक्रिलिकचं चित्र थेट बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, उबेने रंग मऊ होऊन त्यावर गोल वळ उमटतात. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, फुगे बाहेरच्या बाजूला. चित्रं आडवी रचू नका, उभी ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, म्हणजे एकाच्या मागची कडी दुसऱ्याच्या रंगात घुसत नाही. आणताना प्रत्येक चित्राच्या पुढून-मागून काढलेला मोबाइलवरचा फोटो जवळ ठेवा. परत देताना चित्रकारासमोर तो पडताळून सही घ्या.