बॅकअप डीएनएस सर्व्हर बंद पडला तर खरंच काही फरक पडत नाही का?

तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कंपनीचा एनएस२ (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या दोन डीएनएस सर्व्हरपैकी दुसरा) परवापासून बंद आहे. होस्टिंगवाला म्हणतो, "तो नुसता बॅकअप आहे, एनएस१ चालू आहे, टेन्शन घेऊ नका." आणि तरी काही गिऱ्हाइकं सांगतायत की साइट कधी पटकन उघडते, कधी अडकून बसते.

गिऱ्हाइकांचं बरोबर आहे. होस्टिंगवाल्याचं अर्धंच.

मी महापेला नेटवर्कचंच काम करतो, तिथेही हा गैरसमज नेहमी भेटतो. बाहेरच्या रिझॉल्व्हरला (गिऱ्हाइकाच्या वतीने हा पत्ता विचारून आणणाऱ्या सर्व्हरला) तुमचा पहिला कोण, दुसरा कोण हे कळतच नाही. मग तो गिऱ्हाइकाच्या इंटरनेटवाल्याचा असो की गूगलचा ८.८.८.८. त्याला दोन नावं मिळतात, त्यातलं कुठलंही एक तो उचलतो. एनएस२ उचलला गेला तर उत्तराची वाट बघण्यात सेकंदभर किंवा जास्त जातो, मग गडी एनएस१ कडे वळतो. ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीत माणूस नसावा आणि 'बंद' अशी पाटीही नसावी, तसं. उत्तर एकदा मिळालं की टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत कॅशमध्ये राहतं, आणि कोण गप्प बसलाय हे बरेच रिझॉल्व्हर लक्षातही ठेवतात. म्हणून साइट सरसकट बंद पडत नाही. कुणाची तरी, कधीतरी अडकते. सपोर्टला फोन केला की "आमच्याकडे तर चालतंय" हे ठरलेलं उत्तर! मेलची फार काळजी नको. पत्ता सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

मला खरी धास्ती असते ती बंद सर्व्हरची नाही, अर्धवट चालू असलेल्याची. एनएस२ वर एनएस१ कडून झोनची (तुमच्या डोमेनच्या सगळ्या नोंदींची) प्रत येत असते. मधल्या फायरवॉलमध्ये कुणी टीसीपीचं ५३ नंबरचं पोर्ट (प्रत याच वाटेने येते) बंद केलं, की प्रत येणं थांबतं, पण एनएस२ जुनीच माहिती आत्मविश्वासाने देत राहतो. त्याच आठवड्यात तुम्ही साइट नव्या आयपीवर हलवलीत, तर काही लोक नव्या घरी पोचतात आणि काही जुन्या. मग एसओए या झोनच्या पहिल्या नोंदीतली एक्स्पायरची, म्हणजे जुनी प्रत किती दिवस चालवायची याची, मुदत संपते (अनेकांनी १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस ठेवलेली असते) आणि एनएस२ त्या झोनपुरता हात वर करतो. बिघाड झाला तेव्हा कोणी काय बदललं होतं, हे तोवर कुणाला आठवत नसतं.

हे पकडायला डिग या डीएनएसला थेट प्रश्न विचारायच्या कमांडने दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं एसओए विचारा. एकाचा सिरियल (झोन बदलला की वाढणारा आकडा) २०२५०६१२०३ आणि दुसऱ्याचा २०२५०४०२०१ असा आला, तर दुसऱ्याकडची प्रत एप्रिलचीच आहे असं समजा. अर्थात सिरियल तारखेवरून लिहायची पद्धत असेल तरच तारीख कळेल; फरक मात्र कसाही दिसतो.

एनएस१ आणि एनएस२ एकाच डेटा सेंटरमध्ये, एकाच राउटरमागे आहेत का, हेही विचारून घ्या. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही डीएनएस सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरच्या सेटिंगमध्ये एक चूक झाली आणि त्यांच्या साइट्स जवळजवळ दिवसभर गायब. सर्व्हर धडधाकट होते, फक्त तिथवर कुणी पोचू शकत नव्हतं. सेकंडरी, म्हणजे एनएस२ सारखे सर्व्हर, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा हे आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजाने १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. एक महापेत, दुसरा रबाळ्यात, आणि दोन्हीकडे एकाच कंपनीची फायबर, याला वेगळं म्हणत नाहीत.

ऑफिसमधल्या पीसीच्या सेटिंगमधला 'अल्टरनेट डीएनएस' हे निराळं प्रकरण. तिथे आधी पहिल्यालाच विचारतात, त्यामुळे दुसरा बंद असल्याचा पत्ताच लागत नाही, पहिला झोपेपर्यंत.

आता करायचं काय? एनएस२ आजच्या आज उठणार असेल तर डेलिगेशनला (तुमच्या डोमेनचे डीएनएस सर्व्हर कोणते, या वरच्या पातळीवरच्या नोंदीला) हात लावू नका. डॉट कॉमच्या डेलिगेशनचा टीटीएल दोन दिवसांचा असतो, बदल पोचेपर्यंत दुरुस्ती होऊन जाईल. आठवडा लागणार असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीकडे सेकंडरी घ्या, त्यावर झोन आल्याची सिरियलवरून खात्री करा आणि मगच रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवलंय तिथे) एनएस२ च्या जागी त्याचं नाव टाका. आणि होस्टिंगवाल्याला विचारा, एनएस२ बंद पडल्याचा अलर्ट त्याला आला होता, की त्यालाही तुमच्याकडूनच कळलं?