वडिलांना पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार) आहे, मलाही होईल का? हे घराण्यात येतं कसं?

शक्यता ५० टक्के. मुलगा असो की मुलगी. मोठेपणी दिसणाऱ्या प्रकारात दोष बहुतेकदा १६व्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ जनुकात असतो, काही घराण्यांत ४थ्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-२ मध्ये. हा फरक मोठा आहे. पीकेडी-१ मध्ये किडनी साधारण पन्नाशी-साठीत निकामी होते, पीकेडी-२ मध्ये बरेचदा सत्तरीपर्यंत टिकते. म्युटेशनमुळे, म्हणजे जनुकातल्या या दोषामुळे, प्रथिन अर्धवटच बनत असेल तर त्रास आणखी लवकर. तरी एकच म्युटेशन असलेल्या सख्ख्या भावांतही आजार वेगळ्या वेगाने वाढतो, म्हणून वडिलांच्या वयावरून स्वतःचा हिशेब मांडू नका. आधी सोनोग्राफी करा. तिशीच्या आत ती स्वच्छ आली म्हणजे सुटलात असं मात्र नाही. वडिलांना किडनी द्यायचा विचार असेल तर जनुकीय चाचणीबद्दल नेफ्रॉलॉजिस्टशी (किडनीतज्ज्ञाशी) बोला. आणि रक्तदाब आत्तापासूनच तपासत राहा.