गुडघा आणि गुलमर्ग

प्रश्न : वय ५४. जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायचंय, पण जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. गुडघ्याचा पट्टा पुरेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी डॉक्टरांना गुडघा दाखवा. पट्ट्यापेक्षा बाइंडिंग महत्त्वाचं. बूट स्कीला धरणारा हा खटका पडताना सुटला नाही, तर पीळ गुडघ्यात जातो. तो किती जोरावर सुटावा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी नि कौशल्य यांवरून ठरतं. पन्नाशीनंतर आकडा एक पायरी खाली. मी मेली लाजेपोटी वय ४५ सांगितलं! स्की सुटलीच नाही, दीड महिना कुबडी. तरी खटका सुटला म्हणजे लिगामेंट वाचलंच, असं नाही. स्की हनुवटीएवढी, मऊ घ्या. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) वरचा टप्पा फक्त बघायला.