ट्रेलर जोडला की पिकअप का डुलते?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. पिकअपला ६००० पौंडांचा कॅम्पर (राहण्याची सोय असलेला) ट्रेलर जोडला की गाडी मागे बसते, स्टिअरिंग हलके लागते आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डुलू लागतो. मागे एअर स्प्रिंग (हवा भरलेले, फुग्यासारखे स्प्रिंग) बसवून घ्यावेत का?

उत्तर : एअर स्प्रिंगने मागचा भाग वर येईल आणि गाडी सपाट दिसेल, परंतु पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले वजन त्याने परत येत नाही, आणि स्टिअरिंग हलके लागते ते नेमके त्यामुळेच. आधी हिचवर, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडतात त्या सांध्यावर, पडणारा भार मोजावा. तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ६०० ते ९०० पौंड असावा. सायकली आणि जनरेटर ट्रेलरच्या शेपटाशी बांधण्याची सवय अनेकांना असते. तसे असेल तर ते सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे हलवावे. त्यानंतर भार विभागणारा हिच घ्यावा. त्याचे दोन लांब बार तरफेसारखे काम करून काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. ट्रेलर जोडण्यापूर्वी व नंतर पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली, की बार किती ताणायचे ते पिकअपच्या पुस्तिकेवरून ठरवता येते. टायरमधील हवा गाडी थंड असतानाच तपासावी. एवढे करूनही ट्रेलर डुललाच, तर पिकअपचा ब्रेक दाबू नये. अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक, चालकाजवळ बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरने, हाताने लावावा.