परमेश्वराचे भय : वाटणारे आणि धरलेले

प्रश्न असा आला आहे : उपासनेत बायबलमधले ‘परमेश्वराचे भय धरा’ हे शब्द वाचले जातात तेव्हा खटकतं. देव प्रीती आहे म्हणायचं आणि त्याचंच भय धरायचं, हे कसं? ‘भय’ऐवजी ‘आदर’ म्हटलं तर काय बिघडेल? आणि देवाच्या आज्ञा पाळायच्या त्या या भीतीपोटीच का?

मला वाटतं, आधी ‘भय’ या शब्दाकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या क्रियापदाकडे बघावं. अंधारात पायाशी साप दिसला तर भय ‘वाटतं’. साप दिसला आणि मी त्याचं भय ‘धरलं’, असं कुणी म्हणत नाही. वाटणं आपल्या हातात नसतं. धरणं मात्र आपण करतो : धीर धरतो, आशा धरतो, मौन धरतो, उपास धरतो. ‘धरणे’ आलं की त्यात निश्चय आला आणि रोजची सवयही आली. ‘देवाचे भय धरणे’ हा प्रयोग या घरातला आहे, सापाच्या घरातला नाही. ज्यांनी तो मराठीत रुळवला त्यांचा कान फार चांगला होता.

बायबलच्या जुन्या करारात या भयासाठी मूळ हिब्रू शब्द ‘यिरा’. थरकाप किंवा दहशत यासाठी हिब्रूत ‘पहद’सारखे वेगळे शब्दही आहेत, ‘यिरा’चा पसारा मोठा, घाबरण्यापासून पूज्यभावापर्यंत. दोन्ही टोकं एकाच वचनात बघायची असतील तर निर्गम या पुस्तकातलं 20:20 (अध्याय 20, वचन 20) उघडा. सीनाय पर्वत धुमसतो आहे, गडगडाट चालला आहे, शिंगाचा नाद घुमतो आहे. इस्राएली लोक मागे सरून दूर उभे राहिले आहेत आणि आपला पुढारी मोशे याला विनवत आहेत की तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरू. त्यावर मोशे म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो की तुम्ही पाप करू नये म्हणून त्याचं भय तुमच्यापुढे राहावं, यासाठी देव आला आहे. ‘भिऊ नका’ आणि ‘भय राहावं’, दोन्हीकडे धातू एकच. दूर पळवणारं भय टाकायला सांगितलं आहे, आणि जवळ उभं राहून सांभाळायचं भय हाती दिलं आहे.

हेच क्रियापद लेवीय 19:3 मध्ये आईवडिलांसाठी आलं आहे, आणि तिथे आईचं नाव आधी आहे. आईच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ ‘दहशत’ होऊच शकत नाही.

हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये गेलं तेव्हा अनुवादकांनी यिरासाठी बहुतेक ठिकाणी ‘फोबोस’ वापरला. त्यामुळे नव्या करारातही एकाच शब्दावर दोन ओझी आहेत. 1 योहान 4:18 मध्ये पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, तीही फोबोसच. पण कोणती, हे योहान लगेच सांगतो : जिच्यात शिक्षेचा विचार आहे ती. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी ही फोड नावं देऊन मांडली : दासाचं भय आणि लेकराचं भय. दासाला मार चुकवायचा असतो, लेकराला बापाचं मन मोडायचं नसतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या 1529च्या लहान प्रश्नोत्तरीत तर आज्ञांचं स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा एकाच धर्तीवर सुरू होतं, की आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी. तुम्हाला जिथे विरोध दिसतो तिथे त्यांनी नुसता ‘आणि’ ठेवला आहे.

आता ‘आदर’. शब्द चांगला आहे, पण इथे तोकडा पडतो. ज्यांचं आपण अजिबात ऐकत नाही अशांचाही आपण आदर करतो. शिवाय 1 पेत्र 2:17 बघा. तिथे सर्वांना मान द्यायला सांगितलं आहे, राजालाही मान द्यायला सांगितलं आहे. देवाचं मात्र भय धरायला. राजासाठी तेच क्रियापद, जे सर्वांसाठी, देवासाठी वेगळं. सम्राटाची सत्ता डोक्यावर असताना लिहिलेलं हे वाक्य आहे. भयाच्या जागी ‘आदर’ घातला की देव आणि राजा एका ओळीत बसले. पेत्राने विचारपूर्वक ठेवलेलं अंतर अनुवादात पुसलं जाऊ नये, याबद्दल माझा आग्रह आहे. ‘आदरयुक्त भीती’ ही जोडगोळीही मला रुचत नाही. ती दोन्ही शब्दांना अर्धवट करून सोडते. धाक, वचक, दरारा यांचा तर विचारही नको. ते समोरच्याने बसवायचे असतात.

आज्ञापालनाचा धागा आणखी सुंदर आहे. हिब्रूत ‘आज्ञा पाळणे’ यासाठी वेगळं क्रियापद शोधावं लागत नाही. ‘शमा’, म्हणजे ऐकणे, तेच काम करतं. संदेष्टा शमुवेल शौल राजाला सांगतो की यज्ञापेक्षा आज्ञापालन बरं (1 शमुवेल 15:22), तिथेही शब्दशः ‘ऐकणं’च आहे. ग्रीक ‘हुपाकोए’मध्ये ‘खाली’ आणि ‘ऐकणे’ एकत्र आले आहेत. आपल्याकडे संस्कृतातून आलेली ‘शुश्रूषा’ मुळात ऐकण्याची इच्छा, मग सेवा. आणि रोजची मराठी? ‘पोरगं ऐकत नाही’ म्हटल्यावर कुणी त्याचे कान तपासत नाही. ‘आईला ऐकलं’ आणि ‘आईचं ऐकलं’ यांत नुसता प्रत्यय बदलतो आणि श्रवणाचं आज्ञापालन होतं. हिब्रूतही असंच घडतं : आवाज ऐकणं वेगळं, आणि ‘आवाजात’ ऐकणं, म्हणजे त्या आवाजाचं ऐकणं, वेगळं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी उत्पत्तीतल्या दोन जागा शेजारी ठेवून वाचा. 3:10 मध्ये आदाम म्हणतो की बागेत तुझा आवाज ऐकला, मला भय वाटलं आणि मी लपलो. बाविसाव्या अध्यायात, जिथे देव मुलाचा बळी मागून अब्राहामाची परीक्षा घेतो, देव हाक मारतो तेव्हा अब्राहाम म्हणतो, ‘हा मी’. पुढे 12व्या वचनात त्याला देवाचं भय धरणारा म्हटलं आहे, आणि 18व्या वचनात कारण दिलं आहे : तू माझं ऐकलंस. दोन्हीकडे धातू तेच दोन, यिराचा आणि शमाचा. आदामाने आवाज ऐकला आणि तो झाडांआड गेला. अब्राहामाने आवाजाचं ऐकलं आणि तो समोर उभा राहिला.